हाताची वजावट

नेद्याल्का लिलोवाला सगळं इस्पितळ हलक्या हाताची सिस्टर म्हणून ओळखायचं, आणि खोटं कशाला बोला, तिलाही ते ऐकायला आवडायचं. बावीस वर्षं ती डोळे मोजत होती. मोतीबिंदू काढून आत भिंग बसवायचं तर डोळा पुढून मागपर्यंत किती लांब आहे ते आधी कळावं लागतं. त्यावरून भिंगाचा नंबर ठरतो. मोतीबिंदू अक्रोडासारखा टणक झाला की उजेड आतपर्यंत पोचत नाही. तिथे आवाज पाठवावा लागतो, कानाला ऐकू न येणारा. पेनाएवढी सळई बुबुळाला टेकवायची, पडद्यावर चार टोकं सरळ उभी राहिली की पायाखालचं बटण दाबायचं. म्हातारी माणसं उठून बसायची आणि म्हणायची, "सिस्टर, टेकवलंत कधी? कळलंसुद्धा नाही." डोळा बधिर करायचे थेंब आधीच घातलेले असतात, हे काही ती त्यांना सांगत बसायची नाही.

जूनमध्ये जुने सर्जन डॉक्टर हिंकोव निवृत्त झाले. बोटं थरथरायला लागली होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरला त्यापुढे काही विचारायचं नसतं. सप्टेंबरात त्यांच्या जागी राजधानीतून, सोफियाहून, डॉक्टर राडुलोव आला. छत्तीस वर्षांचा, पायात धावायचे बूट, कॉफी उभ्या उभ्या पिणारा. वॉर्डातल्या बायकांनी त्याला आठवडाभर नावं ठेवून घेतली आणि मग त्याच्यासाठी घरून बानित्सा, चीज घालून भाजलेली पोळी, आणायला लागल्या. पहिले दोन आठवडे त्याने फक्त तपासण्या केल्या. गुरुवारी त्याचा इथला पहिला ऑपरेशनचा दिवस ठरला आणि त्याआधीच्या सोमवारी त्याने टेबलावर एक डबी ठेवली. आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची वाटी होती, तळ नसलेली.

"हे पापण्यांच्या मधे बसवायचं," तो म्हणाला. "आत सलाइनचं पाणी भरायचं. सळई पाण्यात ठेवायची, डोळ्याला लावायची नाही. आवाज पाण्यातून जातो."

"आणि टेकवलं तर काय बिघडतं?"

"डोळा म्हणजे द्राक्ष, सिस्टर. टेकवलं की दबतं. दबलं की आखूड भरतं."

"माझ्या हाताखाली दबत नाही."

"सगळ्यांच्याच हाताखाली दबतं."

"डॉक्टर, माझ्या मापावर बसवलेलं भिंग बावीस वर्षांत एकदाही परत काढावं लागलेलं नाही. रजिस्टर बघा हवं तर."

"बघितलंय की. इतके चांगले निकाल जिल्ह्याच्या इस्पितळात कुठून आले, याचंच मला नवल वाटलं." तो हसला. "म्हणून मशीनमधलं बाकी काही मी बदललेलं नाही. फक्त पाणी वाढवतोय."

नेद्याल्काने वाटी धुऊन घेतली. सोमवार-मंगळवारी तिने सफाईवाल्या तोदोरच्या डोळ्यात इतकं पाणी सांडलं की तो म्हणाला, मला आता पगाराबरोबर टॉवेलही द्या. पण हात बसला. मोजण्याच्या कामात तिचा हात बसायला कधी दोन दिवसांपेक्षा जास्त लागले नव्हते.

बुधवारी सकाळी पराश्केवा आली.

पराश्केवा चिप्रोव्त्सी गावची गालिचे विणणारी बाई, वय सदुसष्ट. सात वर्षांची असताना घोड्याने तोंडावर लाथ मारली होती. त्यात डावा डोळा गेला आणि नाकाचा दांडा असा बसला की त्यावर चष्मा टिकत नाही. खाली वाकून धागे घट्ट बसवायच्या फणीचा ठोका दिला की चष्मा मांडीवर. तेव्हा तिचा सगळा संसार उजव्या डोळ्यावर आणि तोही बिनचष्म्याचा. दोन वर्षांपूर्वी ती ऑपरेशनला आली होती, नेद्याल्काने माप घेतलं होतं, पण रात्रीतून बाई घाबरली आणि सकाळच्या बसने घरी निघून गेली. एकच तर डोळा.

"मग आता कशी आलात, मावशी?" नेद्याल्काने विचारलं.

"उन्हाळ्यात सून म्हणाली, आई, पक्ष्याचं पोट तपकिरी का विणलंत? मी म्हटलं, लाल आहे. ती म्हणाली, तपकिरी आहे." पराश्केवाने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं. "तेव्हापासून मागाला हात लावलेला नाही. चार महिने झाले."

"गालिचा सून पुरा करेल की. तिला येतं ना?"

"येतं. माझ्यापेक्षा बरं येतं म्हणते, तोंडाने. पण एका गालिच्यावर दोन हात चालत नाहीत, पोरी. माझा ठोका वेगळा, तिचा वेगळा. जिथे हात बदलतो तिथे शीव दिसते. आंधळ्याला बोटांनी कळते." मग तिने राडुलोवकडे तोंड वळवलं, अंदाजानेच. "डॉक्टर, मला डोंगर दिसले नाहीत तरी चालतील. मला माग दिसला पाहिजे."

"मागापाशी बसलात की धागा न् धागा दिसेल, असं भिंग घालतो," राडुलोव म्हणाला. "लांबचं मात्र थोडं पुसट राहील."

"लांब काय आहे बघायला? शेजारीण."

तो मनापासून हसला आणि कागदावर लिहून दुसऱ्या खोलीत गेला. नेद्याल्काने थेंब घातले, वाटी बसवली, पाणी भरलं. चार टोकं सरळ उभी राहिली. चोवीस पॉइंट सहा. पुन्हा घेतलं, चोवीस पॉइंट सहा मिलिमीटर. पाचही वेळा तेच. पराश्केवा उठून बसली आणि तिचा हात चाचपून धरत म्हणाली, "काय हलका हात गं तुझा. दोन वर्षांपूर्वीही असाच होता."

मशीनने हिशोब करून कागद बाहेर टाकला: भिंग अठराचं. राडुलोवने सही केली, अठराचं भिंग उद्याच्या ट्रेसाठी काढायला सांगितलं, आणि पराश्केवाला वरच्या मजल्यावर खाट मिळाली.

माप जुन्या कार्डाला टाचायची पद्धत होती, म्हणून नेद्याल्काने दोन वर्षांपूर्वीचं कार्ड काढलं. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: चोवीस पॉइंट एक. तेही पाच वेळा, एकसारखं.

ती खुर्चीवर बसली. सदुसष्टाव्या वर्षी माणूस रुंदीला वाढतो, डोळ्याच्या लांबीला नाही. अर्धा मिलिमीटर म्हणजे भिंगाचा जवळजवळ दीड नंबर. दोन्हींतलं एक माप खोटं होतं. पाणी तर दाबत नाही. म्हणजे खोटं तिचं होतं. आणि तिचं खोटं असेल तर बावीस वर्षांतली सगळीच मापं अर्ध्या मिलिमीटरने आखूड, सगळ्यांची भिंगं चुकीची, आणि ते सगळे लोक बाजारात भेटतात, कुठल्या दुकानावर काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवतात. हे जुळेना.

दुपारी ड्युटी संपल्यावर ती बस पकडून थेट हिंकोवांच्या घरी गेली.

डॉक्टर अंगणात होते. गावात त्या दिवसांत प्रत्येक अंगणातून भाजलेल्या मिरच्यांचा धूर येतो, तसा तिथेही येत होता. पत्र्याच्या पिंपात लाल ढबू मिरच्या फिरत होत्या, बाजूला बरण्या धुऊन उपड्या घातल्या होत्या, आणि पूर्वी डोळ्यातला कण उचलणारा माणूस थरथरत्या बोटांनी मिरच्यांची साल काढत बसला होता.

"ये, नेदा. बरी आलीस. ती सुरी घे आणि बिया काढ."

नेद्याल्काने सुरी घेतली नाही. दोन्ही कागद पर्समधून काढून त्यांच्यासमोर धरले. हिंकोवांनी ते लांब धरून वाचले. मग मिरची खाली ठेवली.

"पाण्याची वाटी आणली वाटतं त्याने," ते म्हणाले.

"डॉक्टर, माझी मापं चुकीची होती का?"

"होती."

"सगळी?"

"सगळी. तेवढ्याच फरकाने." त्यांनी हात ॲप्रनला पुसले. "पहिल्या वर्षी तुझ्या मापाचे चाळीस पेशंट मी तपासले. चाळीसही जण ठरवल्यापेक्षा जवळचं बघायला लागले होते. एक मागे नाही, एक पुढे नाही. तुझा हात जड आहे, नेदा. तू दाबतेस."

तिने बसायला काही शोधलं. मिरच्यांची एक रिकामी पेटी होती, तीवर बसली.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? हात हलका करायला गेली असतीस. सोमवारी हलका, मंगळवारी जड, बुधवारी तुझं तुलाच कळलं नसतं. मी कुठल्या मापावर भिंग घालायचं? जड हाताचं मला काही वाटलं नाही. हात सगळ्यांचेच कमीजास्त असतात. पण तुझा रोज तेवढाच जड. असा हात मी सोफियातसुद्धा पाहिला नव्हता. मग भिंगाच्या खोक्यावर कंपनी जो आकडा छापते आणि हिशोबासाठी मशीनला द्यावा लागतो, त्यातून मी मशीनमध्ये दीड वजा करून टाकला आणि गप्प बसलो."

"बावीस वर्षं."

"बावीस वर्षं."

"आणि लोकांसमोर माझी पाठ थोपटायचात, ते?"

"ते खोटं नव्हतं," हिंकोव म्हणाले. पण त्यांनी तिच्याकडे न बघता पिंपाचा दांडा फिरवला.

नेद्याल्काला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. लहान मुलाच्या पाटीवरचं चुकलेलं गणित मागून कुणीतरी दुरुस्त करत राहावं आणि मुलाने शाळाभर शेखी मिरवावी, तसं तिचं झालं होतं. नव्या डॉक्टरला रजिस्टर दाखवायला निघाली होती ती.

आणि मग तिला दुसरीच गोष्ट सुचली.

"डॉक्टर, ती दीडाची वजावट जाताना काढलीत का?"

हिंकोवांनी दांडा थांबवला.

"मोजणारी तूच होतीस ना," ते हळू म्हणाले. "कशाला काढू?"

म्हणजे मशीनने आज पाण्यातलं खरं माप घेतलं होतं आणि त्यातून तिच्या जड हाताची वजावट केली होती. ट्रेमध्ये अठराचं भिंग होतं. हवं होतं साडेएकोणीसचं. उद्या ते आत बसलं की पराश्केवाला शेजारीण स्वच्छ दिसणार होती, आणि हाताच्या अंतरावरचा माग धूसर. चष्मा नाकावर टिकत नाही. गालिचा तिथेच राहणार होता, तपकिरी पोटाच्या पक्ष्यापाशी.

"उद्या सकाळी तिचं जुन्या पद्धतीने माप घे," हिंकोव म्हणाले. "टेकवून. चोवीस पॉइंट एक येईल, वजावट लागू पडेल, भिंग बरोबर निघेल. सांग त्याला की पाण्यात बुडबुडा होता, म्हणून पुन्हा घेतलं. बाकी कुणाला काही कळायची गरज नाही." मग ते म्हणाले, "माझंही नाव राहील, तुझंही राहील."

निघताना त्यांनी तिला दोन बरण्या दिल्या. तिने घेतल्या, कारण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

गुरुवारी सकाळी सातला तिने पराश्केवाला खाली आणलं. म्हातारी रात्रभर जागी होती, पण यंदा पळाली नव्हती. "पुन्हा मोजायचं?" तिने विचारलं. "काल नीट आलं नाही का?"

"एकदा खात्री करते, मावशी."

तिने थेंब घातले, सळई उचलली आणि बुबुळाला टेकवली. हजारो वेळा केलेलं काम. पण या वेळी तिला स्वतःचा हात दिसत होता. मनगट किती वाकलंय, बोट किती रेटतंय, हे ती बघत होती. चोवीस पॉइंट चार. फार हलका पडला, असं वाटून तिने जोर दिला: तेवीस पॉइंट नऊ. मग चोवीस पॉइंट तीन. मग चोवीस पॉइंट एक. मग पुन्हा चोवीस पॉइंट चार. बोटं थरथरत नव्हती, तरी हात तिचा राहिला नव्हता. बावीस वर्षं एकसारखा पडलेला हात काल दुपारी त्या अंगणात दोन वाक्यांत गेला होता. हिंकोवांनी सांगितलं नव्हतं ते याच भीतीने, हे तिला आता पटलं, आणि त्यामुळे त्यांच्यावरचा राग कमी झाला असं मात्र नाही.

पडद्यावर पाच आकडे होते. त्यात एक चोवीस पॉइंट एक होता. बाकीचे चार पुसून तेवढाच ठेवता आला असता. एक बटण. कागदावर आजची तारीख आली असती, भिंग साडेएकोणीसचं निघालं असतं, पराश्केवाला माग दिसला असता. तिचं बोट बटणावर गेलंही.

पण पराश्केवाचं जुनं कार्ड होतं म्हणून कुठला आकडा ठेवायचा ते ठाऊक होतं. बाहेर बाकावर आणखी तिघं बसली होती, कालच पाण्यात मोजलेली. त्यांची जुनी कार्डं नव्हती. त्यांचं माप घ्यायला तिच्याकडे आता हातच नव्हता.

तिने पाचही आकडे तसेच ठेवले, आत्ताचे आणि कालचे कागद उचलले आणि राडुलोवच्या खोलीत गेली. तो कोट काढून बाह्या वर करत होता.

"डॉक्टर, अठराचं भिंग घालू नका. बाहेरच्या तिघांचेही कागद चुकलेत."

"का?"

तिने सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, जसं होतं तसं. माझा हात जड आहे, हे वाक्य म्हणताना तिचा आवाज बसला, पण तिने ते पुन्हा एकदा म्हटलं, कारण पहिल्यांदा त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. राडुलोव तिच्या पुढून चालत मशीनपाशी गेला, आतला आकडा पडद्यावर आणला, मग कपाटातून भिंगाचं खोकं काढून त्यावर छापलेला आकडा बघितला. मधे दीडाचा फरक होता.

"खोक्यावरचा आकडा मी ताडून बघितलाच नाही," तो म्हणाला. "प्रत्येक सर्जन तो थोडा इकडेतिकडे करतो. मला वाटलं, म्हाताऱ्याचा अनुभव असेल."

"अनुभवच होता. माझ्या हाताचा."

"आणि तुम्हाला बावीस वर्षं कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

त्याने खोक्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. त्याने ओरडावं, असं नेद्याल्काला वाटत होतं. म्हणजे निदान तिलाही ओरडता आलं असतं. शेवटी त्याने खुर्ची मागे सरकवली. "तुम्हीच बदला आकडा. खोक्यावरचा घाला."

तिने घातला. जुना आकडा पुसला गेला आणि त्याच्या जागी नवा आला. तिची सगळी नोकरी त्या दीडात होती, आणि ती जाताना मशीनने साधा टुक असा आवाज केला. तिला रडू आलं. ते तिने लपवलं नाही.

"साडेएकोणीसचं आहे का कपाटात?" राडुलोवने दुसरीकडे बघत विचारलं.

"आहे. आल्या आल्या काढून ठेवलंय."

"आल्या आल्या? मग मोजायला कशाला गेलात पुन्हा?"

ती ट्रे आणायला वळली. त्या दिवशी ऑपरेशनं दोन तास उशिरा सुरू झाली, आणि बाहेरच्या तिघांचे नवे कागद निघाले. संध्याकाळपर्यंत वॉर्डात सगळ्यांना कळलं होतं. रोज तिला "काय हलक्या हाताच्या बाई" अशी हाक मारणारा तोदोर त्या दिवशी नुसता "सिस्टर" म्हणाला.

शुक्रवारी सकाळी पराश्केवाची पट्टी काढली. डोळा लाल होता, पाण्याने भरलेला. तिने आधी कुणाकडेच पाहिलं नाही. पिशवीतून गालिच्याचा वीतभर तुकडा काढला, मागावर बसल्यासारखी ताठ बसली आणि तुकडा हाताच्या अंतरावर धरला. ओठ हलायला लागले. धागे मोजत होती ती. राडुलोव दाराला टेकून उभा होता.

"हा लाल," ती म्हणाली. "हा गडद लाल. आणि हा मेला तपकिरी. सून खरं बोलत होती." तिला याचं वाईट वाटलं की बरं वाटलं, ते तिच्या तोंडावरून कळेना. मग तिने खिडकीकडे बघितलं, तिथलं सगळं पुसट होतं, आणि ती समाधानाने पुन्हा तुकड्याकडे वळली.

राडुलोव गेल्यावर तिने नेद्याल्काचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुझ्या हाताला यश आहे, पोरी. काय हलका हात."

बावीस वर्षं नेद्याल्का यावर हसून गप्प बसत आली होती.

"नाही मावशी," ती म्हणाली. "माझा हात जड आहे. हलकं होतं ते पाणी."

पराश्केवाने तिच्याकडे पहिल्यांदा नीट, नव्या डोळ्याने पाहिलं. मग तिचा तळवा उलटा केला, मनगट दाबून बघितलं, जशी ती मागावर बसायला आलेल्या नव्या मुलीचं बघत असेल.

"जड आहे खरा," ती म्हणाली. "मग काय झालं? फणी मारायला जडच हात लागतो. एकसारखा पडला म्हणजे झालं."

"पडायचा," नेद्याल्का म्हणाली. "परवापर्यंत."

बाहेर बाकावरून कुणीतरी विचारलं, आत येऊ का. तिने हात सोडवून घेतला आणि वाटी धुवायला नळ सोडला.